सुवार्ताला राग कधी येतो?

पत्राचा सारांश: अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील असून दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहीत आहेत. कादंबरी प्रेमकथा आहे, पण ती वाचून वाचकाला श्रद्धेचे बळ मिळावे असा त्यांचा हेतू आहे. नायिका सुवार्ता साळवे पुण्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. नायक डेव्हिड लालरिनपुई मिझोरामचा, त्याच रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. तो गिटार वाजवतो, दारूच्या आहारी गेला आहे, चर्चला जाणे त्याने सोडले आहे. सुवार्ताच्या प्रार्थनेने आणि प्रेमाने तो सावरतो आणि शेवटी नगरला येऊन स्थायिक होतो. नऊ प्रकरणे एका जाणत्या स्नेह्यांना वाचायला दिल्यावर ‘नायिका प्रवचन देते आणि नायक कुठलाच वाटत नाही’ असा अभिप्राय मिळाला; सर्वसाधारण वाचकासाठी धर्माचा भाग कमी करा, असेही त्यांनी सुचवले. बाई विचारतात: दोघेही ख्रिस्ती असल्यामुळे संघर्षाला जागाच उरत नव्हती, म्हणून नायकाला भरकटलेला दाखवले, यात चुकले काय? ज्या प्रदेशात मी कधी गेले नाही, तिथल्या माणसाविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे का? आणि श्रद्धा किती ठेवावी, किती काढावी?

सप्रेम नमस्कार.

आधी एक दुरुस्ती सांगतो, कारण ती राहून गेली तर पुढचे सगळे बोलणे वाया जाईल. लालरिनपुई हे बाईचे नाव आहे. मिझो भाषेत पुरुषांची नावे साधारणपणे ‘आ’ने संपतात आणि स्त्रियांची ‘ई’ने, शिवाय आपल्यासारखे आडनाव लावण्याची रीत तिथे सरसकट नाही, बहुतेकांचे एक लांबलचक नाव हेच संपूर्ण नाव असते. त्यामुळे ‘डेव्हिड लालरिनपुई’ वाचताना मिझो माणसाला तेच वाटेल, जे एखाद्या परक्या कादंबरीत ‘जॉन शकुंतला’ नावाचा मराठी नायक भेटल्यावर तुम्हाला वाटले असते.

तेव्हा नाव बदला. समजा, लालनुनलियाना ठेवले आणि घरी व मित्रांत त्याला लियाना म्हणतात. आता गंमत पाहा. मराठी कानाला लियाना ही मुलगी वाटते. सुवार्ता आईला फोनवर ‘काल लियानाबरोबर जेवायला गेले होते’ असे सांगते आणि मुलीला शहरात चांगली मैत्रीण मिळाली म्हणून ती माउली महिनाभर निर्धास्त राहते. सुवार्ता खोटे बोललेली नाही. पण आईचा गैरसमज तिने दूरही केलेला नाही. नुसते नाव नीट शोधले तर एक प्रसंग हाती लागला, आणि त्या प्रसंगात तुमची निष्कलंक नायिका पहिल्यांदाच थोडी लबाड झाली. मला तर ती तिथेच आवडू लागली.

‘दोघेही ख्रिस्ती, म्हणून संघर्षाला जागा नाही’ हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण तुमच्या अडचणीचे मूळ तिथे आहे असे मला वाटते. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती आणि तीत ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे जवळजवळ अख्ख्या मिझोरामएवढी. पण सव्वाअकरा कोटींच्या राज्यात ही माणसे एक टक्काही भरत नाहीत. हे आकडे कादंबरीत घालायचे नाहीत, ते पात्रांच्या अंगात मुरवायचे आहेत. सुवार्ता अशा घरात वाढली आहे जिथे प्रत्येक नव्या ओळखीला ‘म्हणजे तुम्ही मराठीच ना?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, नाताळची रजा मागून घ्यावी लागते, आणि शेजारच्यांना फराळ व केक यांची देवाणघेवाण करताना आपण वेगळे असूनही वेगळे नाही हे न बोलता पटवून द्यावे लागते. लियाना मिझोरामच्या राजधानीत, अशा ऐझॉलमध्ये वाढला आहे जिथे रविवारी बाजारपेठ बंद असते, वडील चर्चचे ‘उपा’ म्हणजे वडीलजन आहेत म्हणून गल्लीत त्यांना मान आहे, आणि आपण ख्रिस्ती का आहोत असे त्याला जन्मात कोणी विचारलेले नाही. पुण्यात आल्यावर त्याला विचारतात ते निराळेच: तुम्ही कुठल्या देशाचे? तिला आपल्या धर्माचा खुलासा करायची सवय आहे आणि त्याला आपल्या चेहऱ्याचा खुलासा करायची सवय लावून घ्यावी लागली आहे. रुग्णालयाच्या ड्यूटीच्या तक्त्यात रविवारचे नाव पडले की सुवार्ता मुकाट्याने अदलाबदल करते. लियानाला मात्र पहिल्या वेळी कोणीतरी आपला जाणूनबुजून अपमान केला असे वाटते. श्रद्धा एकच असेल, पण श्रद्धावान असण्याची सवय दोघांची सारखी नाही.

यामागे इतिहासही आहे, आणि तो तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला काम सुरू झाले, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मिझो टेकड्यांत लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी पोहोचले ते १८९४ च्या जानेवारीत; त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ सगळा समाज ख्रिस्ती झाला. म्हणजे सुवार्ताच्या घरातला बाप्तिस्मा हा कोणीतरी गावाशी फारकत घेऊन एकट्याने घेतलेला निर्णय असू शकतो आणि लियानाच्या घरातला बाप्तिस्मा हा गावाबरोबर घेतलेला. पहिल्यात सोडून जाण्याची आठवण आहे, दुसऱ्यात एकत्र येण्याची.

आता मी जिथे सर्वांत जास्त रेंगाळणार आहे, तो भाग. तुमच्या नऊ प्रकरणांत सुवार्ता एकदाही चिडत नाही. ती समजावते, क्षमा करते, प्रार्थना करते, डोळे पुसते. जिला राग येत नाही ती प्रवचनच देणार, दुसरे करणार काय? म्हणून तिला राग कुठे येतो ते शोधा. मी एक जागा सुचवतो. दोघे एका सरकारी भरतीचा अर्ज भरत बसले आहेत. लियाना ‘अनुसूचित जमाती’ या चौकटीत खूण करतो आणि धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहितो. त्याला यात काही विसंगत वाटत नाही, कारण जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो. सुवार्ताचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही त्या यादीत नाहीत. सुवार्ता अनुसूचित जातीची चौकट रिकामी सोडते. मग लियाना सहज विचारतो, ‘पण तुझ्या भावाच्या दाखल्यावर तर हिंदू लिहिलंय. का?’

इथे तिचा आवाज चढू द्या. कागदावर एक आणि घरात एक अशी दुहेरी नोंद काही कुटुंबांनी का केली, त्यामागे पोटाची कोणती कळ होती, आणि त्याची बोच रविवारी बाकावर बसल्यावर कशी जाणवते, हे तुम्ही अशा माणसांमध्ये राहून पाहिले असेल. मी बाहेरून लिहिले तर ते खोटे वाटेल, तुम्ही लिहिले तर वाचक श्वास रोखून वाचेल. तिने भावाची बाजू घ्यावी की नाही, ते मी सांगणार नाही. पण आतापर्यंत इतरांना सत्याने वागायला सांगणारी ही मुलगी आपल्याच घरातील या गोष्टीवर पाच वर्षे गप्प राहिली आहे, आणि ज्याला या गुंत्याचा गंधही नाही अशा माणसाने भोळेपणाने तिथे बोट ठेवले आहे. ती त्याच्यावर ओरडते. खरा राग कोणावर आहे हे तिला दोन दिवसांनी कळते. श्रद्धेच्या कादंबरीला याहून मोठा प्रश्न कोणता हवा? नायकाच्या हातात बाटली देण्याची गरजच पडत नाही.

त्या बाटलीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत गोव्याचा माणूस हमखास पितो, केरळची परिचारिका हमखास सोशिक असते आणि ईशान्येचा तरुण हमखास गिटार वाजवतो. लेखक वाईट हेतूने हे करत नाहीत. पहिल्यांदा जे सुचले ते त्यांनी ठेवून दिलेले असते, एवढेच. मिझोराममध्ये दारूबंदीचा कायदा चर्चच्या आग्रहाने आला, मध्यंतरी उठला आणि २०१९ मध्ये पुन्हा आला, इतका हा विषय तिथे घरोघरी आणि व्यासपीठावर वादाचा आहे. तेव्हा मिझो नायक पिणारा असूच नये असे नाही. पण तो पीत असेल तर ‘उपा’चा मुलगा म्हणून त्याला त्याची शरम कशी वाटते, ती तो कोणापासून लपवतो, घरी फोन करताना कोणत्या वेळा टाळतो, हे आले पाहिजे. तुमच्या मसुद्यात तो पितो आणि दुःखी आहे एवढेच कळते, आणि तो दुःखी का आहे हे विचारले तर सुवार्ताला कोणाला तरी वाचवायचे आहे म्हणून, हेच उत्तर मिळते.

एकाने दुसऱ्याला सुधारले की वाचकाला बळ मिळते, हे गृहीतकही तपासून पाहा. आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, रागावल्या, पुढे पुन्हा एकत्र आल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या गतीने, स्वतःची खात्री पटल्यावर. त्यांनी हे सारे पुढे आत्मचरित्रात इतक्या मिश्कीलपणे लिहिले आहे की धर्माशी काही देणेघेणे नसलेले वाचकही ते पुन्हा पुन्हा वाचतात. नवऱ्याने बायकोला पटवून दिले आणि ती बदलली, असे जर ते घडले असते तर त्या पुस्तकात उरले काय असते? तुमच्या कादंबरीत लियाना बदलू दे, सुवार्ताही बदलू दे. पण कोणीही दुसऱ्याच्या युक्तिवादाने बदलू नये, आणि दोघांनाही त्या बदलाची काही किंमत मोजावी लागू दे.

आता ‘नायक कुठलाच वाटत नाही’ या तक्रारीकडे येतो. नवा लेखक दुसऱ्या संस्कृतीतले पात्र उभे करताना पोशाख, पदार्थ आणि सण यांची जमवाजमव करतो. तुम्हीही वाफवलेली पालेभाजी आणि बांबूचे नृत्य आणले आहे. ते असू द्या, पण त्याने माणूस उभा राहत नाही. मी पात्राबद्दल एकच गोष्ट विचारतो: हा माणूस कोणाला नाही म्हणू शकत नाही? मिझो परंपरेत वडिलांचे घर सर्वांत धाकट्या मुलाकडे जाते आणि आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्याकडे. लियाना धाकटा आहे असे ठरवून टाका. साळव्यांच्या घरात सगळे गृहीत धरतात की थोरला भाऊ घरी आहे, मग हा पुण्यात किंवा नगरात राहायला मोकळा आहे. सुवार्ताच्या वडिलांनी तर मनातल्या मनात वरच्या मजल्याचे बांधकामही काढले आहे. लियाना ऐकून घेतो, हसतो, काही बोलत नाही. वाचकाला त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ शंभर पानांनी कळतो.

तो बोलत का नाही, यालाही कारण द्या. मिझो लोकांचा एक जपलेला शब्द आहे, ‘त्लॉमन्गाइना’. स्वतःची गरज मागे ठेवून दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, त्याची वाच्यता न करणे, आपल्या अडचणीचे ओझे दुसऱ्यावर न टाकणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. हे ऐकायला सद्गुण वाटते आणि आहेही; पण प्रेमात पडलेल्या माणसाने स्वतःची अडचण शेवटपर्यंत सांगितलीच नाही तर समोरच्याची केवढी फसगत होते! त्याच्या समाजात ज्याला मोठेपणा म्हणतात, तोच सुवार्ताच्या दृष्टीने आडपडदा ठरतो. लहानपणापासून ‘मनात काही ठेवू नये’ असे शिकलेली मुलगी आणि ‘मनातले दुसऱ्यावर लादू नये’ असे शिकलेला मुलगा, दोघेही चांगले, दोघेही बरोबर, आणि तरीही एकमेकांना दुखावणारे. संघर्षाला जागा नाही असे तुम्ही म्हणत होता.

हे सगळे सांगून कळत नाही, दाखवून कळते. समजा, सुवार्ताचे आजोबा वारले. दफन संध्याकाळी पाचला झाले. पाळकांनी प्रार्थना केली, मंडळींनी निरोप घेतला, शेजारच्या मावशींनी पिठले-भाकरी आणून ठेवली, आणि आठ-साडेआठपर्यंत घरात जवळची तेवढी माणसे उरली. लियाना पुण्याहून एसटीने आलेला आहे. तो ओट्यावर बसून आहे. नऊ वाजतात, दहा वाजतात. सुवार्ताचा भाऊ तिसऱ्यांदा येऊन म्हणतो, ‘शेवटची गाडी चुकेल तुमची.’ लियाना गोंधळून विचारतो, ‘बाकीचे कधी येणार?’ कारण त्याच्या गावी मृत्यू झालेल्या घरी रात्र पडली की माणसे येऊ लागतात. तरुण पोरे-पोरी जमतात, ढोल ठेवलेला असतो, चहाचे हंडे चढतात आणि गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. खड्डा खणण्यापासून सगळी कामे यंग मिझो असोसिएशनची मुले न सांगता करतात, आणि दुःखी घराला रात्री एकटे सोडणे ही गल्लीच्या दृष्टीने शरमेची गोष्ट असते. इथे कोणी येत नाही. मग तो एकटाच, हलक्या आवाजात, आपल्या भाषेतले गाणे म्हणू लागतो. आतून आजी बाहेर येते, थोडा वेळ ऐकते आणि नातवाला म्हणते, ‘हा असाच बसणार आहे का रात्रभर? मग घोंगडी तरी द्या त्याला.’

आजीला ती चाल ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली म्हणून ओळखीची निघाली आणि तिने मराठी शब्द धरले, असेही मी लिहू शकलो असतो. मुद्दाम लिहिले नाही. ते फार सोपे झाले असते, आणि दोन संस्कृती एका सुरात गाऊ लागल्या की कादंबरी तिथेच संपते. घोंगडी मिळाल्यावर मात्र पुढची रात्र शिल्लक राहते.

लग्नाच्या बोलणीचाही प्रसंग तुम्ही दोन ओळींत उरकला आहे, तो मोठा करा. मिझो रिवाजात मुलाकडचे मध्यस्थ मुलीच्या घरी बोलणी करायला येतात आणि वधूमूल्य देतात. आज त्याची रक्कम बहुधा नाममात्र असते, पण ती द्यावी लागते आणि मुलीच्या मामासह इतर नातेवाइकांना तिचा वाटा जातो. सुवार्ताच्या वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी पंधरा वर्षे पैसे साठवले आहेत. समोरून पाकीट पुढे आल्यावर त्यांचा चेहरा उतरतो. ‘आम्ही मुलगी विकायला नाही काढली.’ पाहुण्यांना कळत नाही की आदर दाखवल्यावर हा माणूस दुखावला का गेला. तेव्हा पुन्हा आजीच मदतीला येऊ शकते, कारण ‘देज’ हा शब्द तिच्या पिढीला ठाऊक आहे. मराठी मुलुखात अनेक जातींमध्ये मुलीच्या बापाला देज देण्याची चाल होती आणि हुंड्याने ती मागे ढकलली, हे ती एका वाक्यात सांगून टाकते. परका रिवाज आपल्याच घरातल्या विसरलेल्या रिवाजाचा भाऊ निघतो. असे दुवे गूगलवर सापडत नाहीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना सापडतात.

अधिकाराचा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारला आहे. तिकडे कधी गेले नाही म्हणून लिहू नये, असे मला वाटत नाही. मात्र न विचारता लिहू नये. पुण्यामुंबईत शिकायला आणि नोकरीला आलेले मिझो तरुण आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी ओळख वाढवा, आणि ‘तुमची संस्कृती सांगा’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला प्रत्येक जण पर्यटन खात्याचे उत्तर देतो. विचारायचेच तर असे विचारा: आईने तुम्हाला शेवटचे कशावरून रागावले? पहिला पगार कोणाला पाठवला? कोणती गोष्ट घरी कळू नये असे वाटते? लिहून झाल्यावर त्या प्रकरणांची प्रत एका मिझो पुरुषाला आणि एका मिझो स्त्रीला वाचायला द्या, त्यांच्या वेळेचे मोल द्या, आणि त्यांनी एखादी गोष्ट चुकीची म्हटली तर वाद घालू नका.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी. मिझो लोक मैदानी प्रदेशातल्या आपल्यासारख्या माणसाला ‘वाई’ म्हणतात (आपल्या साताऱ्याच्या वाईशी त्याचा संबंध नाही). हा शब्द प्रत्येक वेळी तुच्छतेचा असतो असे नाही, पण त्यात अंतर आहे, आणि त्या अंतरामागे १९६६ ची आठवणही आहे. त्या वर्षी मार्चमध्ये मिझो बंडाच्या काळात भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ले केले. नंतरच्या वर्षांत लष्कराने गावेच्या गावे उठवून एका जागी वसवली. बंड मिटवणारा करार झाला तो १९८६ च्या जूनमध्ये आणि मिझोराम राज्य झाले १९८७ च्या फेब्रुवारीत. तुमच्या कादंबरीत सुवार्ताचे आजोबा लष्करातून निवृत्त झालेले, झुपकेदार मिश्यांचे, प्रेमळ गृहस्थ आहेत. ते कोणत्या साली, कुठे तैनात होते? तुम्ही हे ठरवलेले नाही, आणि लियानाची आजी ते विचारल्याशिवाय राहणार नाही. आजोबा तिकडे होतेच असे मला सुचवायचे नाही, तो योगायोग कदाचित जास्त होईल. पण त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ तयार हवे, मग ते पानावर येवो न येवो.

भाषेची बाब छोटी आहे, पण मला जिव्हाळ्याची वाटते. तुम्ही लियानाला मोडकेतोडके मराठी बोलायला लावून विनोद केला आहे, तो काढा. त्याऐवजी पाहा, फिजिओथेरपिस्ट मराठीत सर्वांत आधी काय शिकेल? ‘दुखतंय का?’, ‘पाय उचला’, ‘श्वास घ्या’, ‘अजून थोडं’. प्रेम व्यक्त करायची वेळ येते तेव्हा त्याच्याजवळ मराठीतले एवढेच शब्द आहेत, आणि सुवार्ता रात्रपाळी संपवून भिंतीला टेकून उभी आहे. पुढचे संवाद तुम्ही लिहा.

श्रद्धा किती ठेवावी, या प्रश्नावर मी तुमच्या स्नेह्यांशी सहमत नाही. ज्या भाषेत अभंग आणि ओव्या घराघरांत म्हटल्या जातात, त्या भाषेच्या वाचकाला भक्तीचे वावडे असेल असे मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत गायिली ती याच विश्वासाने. वाचक कंटाळतो तो उपदेशाला. तुमच्या चौथ्या प्रकरणात सुवार्ता पावणेदोन पाने प्रार्थना करते आणि त्या प्रार्थनेत लियानाची सगळी पूर्वपीठिका सांगते, जणू देवाला ती माहीत नव्हती. ती माहिती तिथून काढून घ्या. प्रार्थना चार ओळींची राहू द्या आणि तीत तिला जे मागायची लाज वाटते तेच मागू द्या. ज्या प्रार्थनेला उत्तर मिळत नाही अशी एक तरी प्रार्थना कादंबरीत असावी, आणि ती सुवार्ताचीच असावी. वाचक ख्रिस्ती असो वा नसो, त्या ठिकाणी तो तिच्या शेजारी येऊन बसेल.

राहिला शेवट. तुम्ही लियानाला नगरला आणून बसवले आहे आणि ते सर्वांना सोयीचे आहे, लियानाच्या आईवडिलांखेरीज. आपल्या शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, रूथ आठवा. ‘तुझे लोक ते माझे लोक’ हे तिचे वचन आपण लग्नसमारंभात इतक्या वेळा ऐकतो की ते तिने नवऱ्याला दिलेले नाही, सासूला दिलेले आहे, हेच विसरून जातो. आणि देताना ती विधवा होती, सासूजवळ तिला देण्यासारखे काहीही उरलेले नव्हते. सुवार्ताला ऐझॉलला पाठवाच असे मी म्हणत नाही. ती गेली तर स्वतःच्या देशातल्या एका राज्यात शिरण्यासाठी तिला इनर लाइन परमिट काढावे लागेल, आणि आयुष्यभर ‘तुम्ही मराठीच ना?’ ऐकत आलेल्या मुलीला तिथे प्रथमच कोणी धर्म विचारणार नाही, मात्र ‘वाई’ म्हणून ओळखेल. नाही गेली, तर धाकट्या मुलाचे रिकामे घर त्या टेकडीवर उभे राहील आणि ते प्रत्येक नाताळात आठवेल. दोन्ही शेवट मला चालतील. सध्याच्या शेवटात ते घर कोणाला आठवतच नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आणि कादंबरी कोणत्या साली घडते ते पक्के करा, कारण प्रवास त्यावर ठरेल. सप्टेंबर २०२५ नंतरची गोष्ट असेल तर सुवार्ताची आई आगगाडीने ऐझॉलच्या पायथ्याशी सायरंगपर्यंत पोहोचू शकते. त्याआधीची असेल तर आगगाडीने सिलचर आणि पुढे घाटवाटेने सुमो, नाहीतर विमानाने ऐझॉलजवळचा लेंगपुई विमानतळ. त्या बाईने आजवर नगर-पुणे एसटीपलीकडचा प्रवास केलेला नाही, ‘लियाना’ ही मुलगी असल्याचा तिचा समज मोडल्यापासून ती जावयाशी धड बोललेली नाही, आणि आता ती मांडीवर लाडवांचा डबा घेऊन विमानात बसली आहे. ते प्रकरण तुम्ही अजून लिहिलेले नाही.